नवीन फोल्डर

प्रिय एलदियार,

चौथी डिस्क आत सरकवली, झाकण लावलं, कळ दाबली. आपला लग्नांच्या चित्रफितींचा डबा गुरगुरायला लागला. चारही दिवे हिरवे झाले. आपा दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बरा झाला का ग?" मी म्हटलं, "आजारी नव्हताच." हे खरंच आहे. बिश्केकहून येताना दिवसभर मी त्याला शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. व्हॅनचा ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "बाळाचं तोंड जरा उघडं ठेव बाई, गुदमरेल." सगळे हसले. मीही हसले.

डबा बिश्केकला कशाला नेला होता, असं तू विचारशील. तेच सांगायला बसले आहे, पण सरळ सांगता येत नाही. आधी घरचं सांगते. काराकोलला अजून बर्फ आहे. अतांना जाऊन वर्ष होईल, त्यांच्या आशच्या जेवणासाठी आपांनी घोडा आणून बांधला आहे. वर्षाच्या जेवणाला घोडा नको, मेंढ्या पुरेत, असं मी म्हणून पाहिलं. आपा म्हणाल्या, "माझा नवरा काय मेंढीवर बसून फिरत होता?" तंबू कुणाचा, कढया कुणाच्या, नारिनहून कोण कोण येणार, सगळं ठरलं आहे. फक्त त्यांचा मुलगा, तू, येणार नाहीस. रविवारी तू फोनवर म्हणालास, "बापाकडे माझ्यासाठी एक शब्द नव्हता. माझ्याकडेही त्याच्यासाठी वाट नाही." आपांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "कोरियातल्या थंडीने त्याचे कान गेले वाटतं, मी काय बोलले ते त्याला ऐकूच आलं नाही." मग त्या घोड्याला पाणी पाजायला गेल्या आणि पुष्कळ वेळ आत आल्या नाहीत. काल म्हणाल्या, "तू लिही. तुझं तो ऐकतो. तो आला नाही तर मी तंबूच्या दारात पाहुण्यांसमोर कुणाला उभं करू?"

तू अतांची घोडी विकून हा डबा आणलास, तेव्हा मी या घरात नवी होते. लग्नांचं चित्रीकरण ठेवायला दुसरी जागा नाही, लॅपटॉप रडतो, असं तू मला समजावलं होतंस. मला पटलं होतं. अतांना तू विचारलं नव्हतंस. ते संध्याकाळी गोठ्यात गेले, परत आले, आणि त्यांनी डब्याकडे पाहिलं. "पेटी गवत खात नाही, एवढंच बरं," म्हणाले. त्या रात्री भांडण झालं. त्यात दोघांनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. तू कोरियाला, आन्सानच्या कारखान्यात गेलास. अतांनी तुझं नाव घेणं सोडलं. "तो" म्हणायचे. 'त्याचा फोन आला का. त्याला तिथे भात पचतो का.'

लग्नांचं चित्रीकरण मीच करत राहिले. तीच भाषणं, तीच नाचणारी आत्या, टोपी घालून रडणारे तेच सासरे. लोक चित्रफीत घेऊन जातात आणि पुन्हा सहा महिन्यांनी येतात, हरवली, पुन्हा द्या म्हणतात. म्हणून मी काही काढून टाकत नव्हते. डबा भरला. शरदात त्याचा दिवा लाल झाला आणि अक-सू गावातल्या लग्नाच्या दिवशी तो नवीन काहीच घेईना. मी तुला ते कळवलं. तू म्हणालास, "मी इथून नेटवरून बघतो, तू जा शूटिंगला." संध्याकाळी तुझा निरोप आला, कचरा काढला, अर्धा डबा मोकळा. मला इतकं हलकं वाटलं की मी आपांना कणकेचे बोर्सोक तळायला लावले. आपांनी विचारलं, कशाचा आनंद आहे? मी म्हटलं, जागा झाली.

नवीन वर्षानंतर आपांना आशसाठी अतांचा एक चांगला फोटो हवा होता. मी डबा उघडला, फोटो सापडला, आणि मग मला एक फोल्डर दिसेना. मी शोधलं. नावाने शोधता येत नव्हतं, कारण त्याला नाव नव्हतं. त्या संध्याकाळी तुला फोन करून मी सहज विचारल्यासारखं विचारलं की तेव्हा कुठला कचरा काढलास. तू हसलास. म्हणालास, "तुझे ते नवीन फोल्डर! नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन, नवीन फोल्डर तीन. आपल्याला मूल झालं तर त्यालाही तू नवीनच म्हणशील." मी विचारलं, आत काय होतं ते बघितलंस का. "बघायचं काय त्यात? एकात लांबलचक व्हिडिओ होते, जागा खात पडलेले. काढले तरी जागा सुटेना. मग लक्षात आलं, स्नॅपशॉटनी धरून ठेवलंय." आणि तू मला पुन्हा समजावलंस, नवीन आले होते तेव्हा समजावलं होतंस तसंच. डबा रोज स्वतःची एक आठवण काढून ठेवतो. तुम्ही फाइल फेकली तरी जुन्या आठवणीत ती असते, आणि असते तोवर तिची जागा मोकळी होत नाही. चुकून काही गेलं तर परत आणता यावं म्हणून ती सोय. "मग?" मी विचारलं. "मग काय, तेही काढले. सगळे. तेव्हा कुठे सुटली जागा." मी म्हटलं, बरं केलंस. तू विचारलंस, आवाज असा का येतोय. मी म्हटलं, सर्दी आहे.

फोल्डरला नाव का दिलं नाही, ते तुला कळायला हवं. फोल्डर केला की डबा विचारतो, नाव काय. माझी बोटं कळांवर होती. सासऱ्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, हाताने कसं लिहू. 'अता' लिहावं तर त्या नावाचं कुणीही उघडून बघेल, आणि ते कुणी बघायचं नव्हतं. म्हणून जे आपोआप आलं होतं तेच राहू दिलं. शहरातल्या माझ्या मैत्रिणी याला हसतील. तुझी बहीणही हसेल, ती तर सासऱ्यांना नावाने हाक मारून शिव्या देते. पण मी अशीच वाढले आणि तुझ्या घरातही मला कुणी वेगळं शिकवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात, खोकला छातीत उतरल्यावर, अता एका दुपारी माझ्या कामाच्या खोलीत आले. त्या खोलीत ते आधी कधी आले नव्हते. उभेच राहिले. डब्याकडे बोट करून म्हणाले, "सूनबाई, ही पेटी माझंही काही ठेवून घेईल का?" मी कॅमेरा लावला. पहिल्या दिवशी त्यांना जमेना. म्हणाले, "हे ऐकतं, पण 'हं' म्हणत नाही. 'हं' म्हणणारं कुणी नसलं तर माणूस बोलणार कसा?" मग मी कॅमेऱ्याच्या मागे बसून हं म्हणत गेले. त्या दिवसांत ते बर्फाचं बोलले, हवामान केंद्रावरच्या नोकरीचं बोलले, एका हिवाळ्यात वाट बंद झाली आणि त्यांनी लांडग्याशी पत्त्यांचा डाव मांडला, अशी एक थाप मारली. मध्येच विचारायचे, "नाक फार मोठं दिसतं का ग? अर्धं काप." मी म्हणायचे, कापते. यातलं मला आठवतं ते सगळं मी तुला सांगू शकते. त्याने काही होणार नाही. मग एके दिवशी ते म्हणाले, "आता तू बाहेर जा. पुढचं तुझं नाही." मी कॅमेरा चालू करून बाहेर गेले. नंतरचे काही दिवस असंच झालं. मी चालू करायचे, बाहेर जायचे, हाक आली की येऊन बंद करायचे आणि डब्यातल्या त्या फोल्डरात उतरवून कॅमेऱ्यातून पुसायचे. कधी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं ते. शेवटच्या दिवशी म्हणाले, "झालं. मी गेल्यावर तो येईल. मुलगा गेलेल्या बापाकडे येतो तसा, दुरूनच हंबरडा फोडत येईल. आला की त्याला या खोलीत बसव आणि दार लावून घे. फोनवर पाठवू नकोस. फोनवर माणूस जेवता जेवता बघतो."

तुला मातीला येता आलं नाही. कारखान्याने सोडलं नाही. चाळिसाव्या दिवसालाही नाही. मी थांबले. थांबायलाच सांगितलं होतं. डबा रोज आठवण काढत होता, दुसऱ्या डिस्कवर प्रत होत होती, मी निर्धास्त होते. दुसऱ्या डिस्कवर जे होतं तेही तू फेकलंस त्याच क्षणी गेलं, कारण ती पहिलीचं बघून चालते.

बिश्केकला गेन्नादी नावाचा एक माणूस पुसलेलं परत काढायचं काम करतो. त्याने डबा दोन आठवडे ठेवून घेतला. मी गेले तेव्हा तो सूप पीत होता, मलाही वाढलं. म्हणाला, "डबा बिघडला असता तर मी काहीतरी ओढून काढलं असतं. हा नीट चालला, म्हणूनच काही उरलं नाही. मोकळी झालेली जागा त्याने वापरली." मी विचारलं, कशासाठी. त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. अक-सूचं लग्न होतं. त्यानंतरची सगळी लग्नं होती. मी काढलेली.

तर, एलदियार, ते तुझ्यासाठी होतं. तुझ्याशी कुणी बोललं नाही असं तू यापुढे कुणाला सांगू नकोस, आपांना तर नाहीच, एवढ्यासाठी हे लिहिलं. अता कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले. काय बोलले ते आता जगात कुणालाही माहीत नाही. शिव्या असतील. घोडीचं असेल. माझ्याकडे एकच गोष्ट आहे आणि ती मी वाढवून सांगणार नाही. त्या शेवटच्या दिवशी मी अंगणात लाकडं उचलत होते आणि खिडकीतून मला ते दिसले. कॅमेऱ्यासमोर बसले होते आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली होती. मी अतांना बोडक्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती तुझ्यापुढे काढली, की शेगडीच्या धगीने, मला सांगता येत नाही. हे वाचून तू येशील, की आता मुळीच येणार नाहीस, तेही मला सांगता येत नाही. फोनवर सांगितलं असतं तर मी मध्येच थांबले असते आणि तू म्हणाला असतास, काही हरकत नाही.

तुझीच,
जिपारा

सकाळी गावातला उमेताली आन्सानच्या कारखान्यावर परत निघाला होता. जिपाराने त्याच्याकडे पाकीट दिलं. तो म्हणाला, "एवढं जाड? फोन करायचा ना, वहिनी." बर्फ पडत होतं. त्याने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि गाडीत बसला.