काकांनी गाळलेला प्रवेश

आदरणीय काका,

काल विट्यात तुमचं नाटक पुन्हा उभं राहिलं. वीस वर्षांपूर्वी ‘आपल्या लोकांना हे झेपायचं न्हाई’ म्हणून तुम्ही गाळलेला नवरा-बायकोच्या वादाचा प्रवेश मी तुम्हाला न विचारता परत घेतला.

नवऱ्याने विचारलं, “सुखी माणूस खोटं कशाला बोलेल?”

पुढच्या रांगेतली म्हातारी उत्तरली, “आवं, बोलतो म्हनून तर सुखी हाय.”

बायकोचं काम माझं होतं आणि नेमकं हेच माझं पुढचं वाक्य होतं. मी आजींना नमस्कार केला. टाळ्या थांबेनात.

हे पत्र पाठवत नाही. वाचून तुम्ही घरीच खूश व्हाल. रविवारी सांगलीच्या प्रयोगाला न्यायला मीच येते. लोकांचं हसणं स्वतःच्या कानांनी ऐका.

तुमची पुतणी,
सृष्टी