चुनकळीचा खडा

आई, धाकटीच्या उरलेल्या डोळ्यालाही आता अंधुक दिसायला लागलंय. परवा तिनं मला विचारलं, "ताई, तो खडा घरात कसा आला होता, तुले आठवते का?" मी म्हटलं, "नाही गं, लहान होतो आपण." सत्तरी ओलांडलेल्या बाईला इतकं सहज खोटं बोलता यावं, याची मलाच भीती वाटली. म्हणून तुला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला लिहू?

कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आपलं क्वार्टर नवंकोरं, मागच्या ओळीचं बांधकाम अजून चाललेलं, आणि पुसू तेवढी लाल धूळ पुन्हा भांड्यांवर बसायची. तू सातवीपर्यंत शिकलेली. शेजारच्या बाया बालवाडी काढणार होत्या आणि त्यांनी तुलाच शिकवायला बोलावलं होतं. त्याची तयारी म्हणून तू एका दुपारी ओट्यावर आमच्या जुन्या वह्यांची पानं हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलीस. मग साबणाचं बोट ओढलंस. पिवळ्यावर लालभडक रेघ! वर लिंबू पिळलंस, रेघ गेली. पानाच्या डब्यातला चुना लावलास, पुन्हा लाल. धाकटी टाळ्या पिटत म्हणाली, "आई, जादू!" तू हसतेस, ओला हात पदराला पुसतेस आणि म्हणतेस, "जादू नाही, बाई. कावून झालं, ते विचारत जा."

मी विचारलं नाही. मला वाटलं, चिमूटभर चुन्यानं एवढी गंमत होते, तर मोठ्या खड्यानं केवढी होईल! दुसऱ्या दिवशी मागच्या बांधकामावर सफेदीसाठी आणलेल्या ढिगातून चुनकळीचा, म्हणजे न भिजवलेल्या चुन्याचा, एक खडा मी फ्रॉकच्या खिशात घालून आणला. तू नळावर गेली होतीस. मी हळदीच्या पाण्याच्या वाटीत खडा टाकला. काहीच होईना. मी धाकटीला म्हटलं, "खाली वाक. जवळून पाह्य."

ती वाकली, आणि वाटी उकळून फुटल्यासारखी उसळली.

तिची किंकाळी ऐकून तू धावत आलीस. तिचं डोकं मांडीवर घेऊन माठातलं सगळं पाणी तिच्या डोळ्यांवर ओतलंस, मग बादलीतलं, मग शेजारचं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलं म्हणून एक डोळा तरी वाचला. बाबा ड्यूटीवरून तसेच आले आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, "काय करून राहिली तू? पोरींच्या हाती चुना देते?" तू माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोललेही. म्हणाले, "आईनंच शिकवलं आमाले."

तू म्हणालीस, "हो. माझीच चूक झाली."

बालवाडीच्या बायांना तू शिकवायला जमणार नाही असं कळवलंस. त्यानंतर धाकटी काही विचारायला आली की तू म्हणायचीस, "मले नाही माहीत." तुझ्यासारख्या बाईनं असं म्हणावं, आई! आणि तुला तर सगळं माहीत होतं. माझा फ्रॉक तूच धुतलास, खिशातला पांढरा भुगा तुझ्याच हाताला लागला असणार. मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस, एक थोबाडीत दिली असतीस, तर कदाचित मी रडून सगळं सांगून टाकलं असतं. तू गेलीस तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, तुझ्या उशाशी तीन दिवस बसले होते, आणि तुला विचारत राहिले काय, तर पाणी देऊ का.

आता तू नाहीस, बाबा नाहीत. खरं सांगायचं तर तिलाच सांगावं लागेल, आणि ते माझ्यानं होत नाही. हे पत्रही मी फाडून टाकणार. सोमवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ती म्हणाली, "ताई, तू जवळ राह्य." मी म्हटलं, माझे गुडघे फार दुखतात, येणं जमायचं नाही.

गुडघे माझे ठणठणीत आहेत, आई.