एका हातात लेक, म्हणून पिस्तूल

मोंटाना

प्रिय बाबा,

वर्नाचा नमस्कार. आमच्या घरात चोर शिरला तेव्हा तुम्ही लांब बंदूकच घे म्हणालात, म्हणून बंदुकीच्या दुकानामागच्या मैदानात आधी तीच चालवली. सहापैकी पाच गोळ्या नेमक्या बसल्या. पिस्तुलाच्या दोनच.

मग दुकानवाल्या मार्लिसबाईंनी माझ्या डाव्या हातात पिठाची पिशवी दिली. म्हणाल्या, "ही तुझी लेक समज. आता उचल बंदूक."

मला उचलता येईना. मी पिस्तूल घेतलं. रोज सराव करते, आता चार बसतात. एरवी ते कुलपात असतं.

क्लेटन तेलविहिरीवरच्या कामावरून महिन्याने येईल, तोवर घरात मी आणि लेकच. आईचा गुडघा कसा आहे?

आम्ही मजेत आहोत. फक्त दार वाजलं की लेक मला बिलगते, आणि मीही तिला लवकर सोडत नाही. आठवडाभर राहायला याल का?

तुमचीच,
वर्ना