चौकातला उसासा

आबा, परवा कॉलेजातली दोन मुलं कॅमेरा घेऊन आली होती. जुन्या खापरी नळाची नोंद करतायत. "आजी, तुमचे वडील नळवाले होते ना? लाइन कुठून जायची?" मी डोंगराकडे हात केला. त्यापुढची वाट मला सांगता येईना. तुम्हाला ती पायांनी ठाऊक होती. झऱ्यापासून गावच्या हौदापर्यंत जमिनीखालून भाजलेल्या मातीचे नळ, सांधे चुन्याचे, आणि मधेमधे नळातली हवा सुटायला उभारलेले दगडी उसासे. त्यांना कान लावून तुम्ही गळती सांगायचात.

मग लोखंडी नळ येणार ठरलं आणि रस्त्यात येतो म्हणून चौकातला उसासा पाडायचा हुकूम निघाला. मी शाळेत शिकवून परतत होते. तुम्ही पागोटं काखेत धरून ओव्हरसियरपुढं उभे.

"आवं सायेब, नवं नळ येऊ द्या, मग पाडू. आत वारा कोंडला तर खापर फुटतंय."

"फुटू दे. लोखंड आठ दिवसांत येतंय."

पहार तुमच्याच हातात दिली. चार घाव घालून तुम्ही थांबलात, दगडावर तळहात ठेवलात, आणि पुन्हा पहार उचललीत.

लोखंड आलं नाही. सगळं लढाईकडे गेलं म्हणे. ऐन चैत्रात नळ फुटला. एक जागा सांधावी तर वर दुसरी फुटते. तसली खापरं भाजणारा कुंभारही उरलेला नाही. चुन्यानं तुमची बोटं सोललीत, भाकरी मोडता येत नाही, आई कुस्करून देते. "आबा, सोडा आता," मी म्हणते. "सोडून कुटं जाऊ, पोरी?" एवढंच बोलता.

पावसाळ्याच्या तोंडाला तुम्ही तापानं गेलात. लोखंडी नळ लढाई संपल्यावर आले.

मुलांना एवढं सांगितलं. एक नाही सांगितलं. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून ते इथं लिहिते. हौदावर घागरींची रांग लागली होती. कडेगावाहून नवीच सून होऊन आलेली एक बाई माझ्या पुढं होती. चरात खणणाऱ्या तुमच्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यानंच फोडलं म्हणं समदं. कोन हाय गं ह्यो?"

"असंल कुनीतरी," मी म्हणाले.

तुम्ही चार हातांवर होतात. मान वर केली नाहीत. ऐकलंत की नाही, तेव्हाही विचारलं नाही.