फाटकापासून लावलेला बेस

बाबा, आज तुझ्या नातीची हळद, आणि तिनं हट्टच धरला की इथं नावडे गावात आजोबांचाच बेस ड्रम वाजला पाहिजे. तू गेल्यापासून तुझा तो भलामोठा ड्रमसेट माळ्यावर चादरीत गुंडाळून पडला होता. उतरवला, पुसला, मांडवात मांडला. बाकी सगळं ठीक, बेस मात्र अगदीच भद्द. बँजो पार्टीचा पोरगा ऐकून हसला, "काकू, हा नाय चालनार, आमी आमचा इलेक्ट्रिक पॅड लावतो." अस्सा राग आला मला! म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब, मग बोल.

ड्रमचे स्क्रू आवळायची चावी हातात घेतली आणि तुझं बोलणं आठवलं, "बेस वाजवनाऱ्याला कलत नाय गो, लांब उभ्या मानसाला कलतो." तेव्हा मी स्टुलावर बसून पेडल मारतेय, तू फाटकापाशी पाठमोरा उभा आहेस. येतोस, एक स्क्रू आवळतोस, त्याच्या समोरचा तेवढाच आवळतोस, ड्रमच्या आत कोंबलेली आईची गोधडी जरा सरकवतोस, की पुन्हा फाटकापाशी. हात वर केलास की समजायचं, जमलं. माझ्या हळदीच्या दिवशी तर तू कहरच केलास. येणं-जाणं थांबलं, नुसता उभा. बायका हळद घेऊन खोळंबलेल्या आणि तुझा हात काही वर जाईना. मी चिडून ओरडले, "बाबा, बहिरा झालास काय?" तू वळलासुद्धा नाहीस.

आज लेकीला स्टुलावर बसवलं आणि फाटकापाशी मी गेले. परत आले, स्क्रू आवळले, गोधडी मागे सारली, पुन्हा गेले. आणि घुमला की रे! थेट छातीत, तुझ्या वेळी घुमायचा तसाच. मागून लेक ओरडतेय, "आई, झालं का? पाय दुखला यार! पार्लरवाली आलीये!" मला मागे बघवेना. हात वर केला की ती उठणार, आणि उद्या मोरा गावी सासरी निघून जाणार.

आता बाहेर बायका मला शोधतायत आणि मी आतल्या खोलीत कडी लावून हे पत्र खरडतेय. टाकणार तरी कुठे? पार्टीच्या पोराला ऐटीत सांगितलं, जुना बेस आहे, लावायला वेळ लागतोच. खोटं बोलले, बाबा. आवाज केव्हाच जमला होता. तुझाही जमला होता ना त्या दिवशी?