छातीतला ‘कोर्स’

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (वाकलं की दम लागतो, म्हणून उभ्याउभ्याच घालतोय, गोड मानून घे.) भांडणानंतर नऊ वर्षांनी लिहितोय. तुझ्या गुडघ्यांची सूज आणि भाऊजींचा राग, दोन्ही एव्हाना ओसरलं असेल, अशी आशा आहे.

पत्रास कारण माझा खोकला. एकवीस वर्षं कारखान्यात दारं-कपाटं पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली (मी मात्र खडबडीतच राहिलो, असं तुझी भावजय शेवटपर्यंत म्हणत होती), त्या लाकडाच्या भुग्याने आता छातीत बिऱ्हाड थाटलंय. डॉक्टरीणबाई नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. इतकं मन लावून माझं कोणी ऐकलं नव्हतं. मग इंग्रजीत कायकाय लिहिलं. त्यातला एकच शब्द मला वाचता आला, ‘कोर्स’. म्हटलं, सुटलो! गोळ्यांचा कोर्स! कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला आणि ऐटीत औषधवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “काका, ह्यात औषध लिहिलेलंच नाही.”

म्हणून शेजारच्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंकडे गेलो. त्यांनी विटेएवढा शब्दकोश काढला. “अहो, स्पेलिंग वेगळं आहे. ह्या ‘कोर्स’चा अर्थ खरखरीत, जाडाभरडा. तुमच्या श्वासाचा आवाज तसा येतोय.” माझा चेहरा पाहून त्या आणखी शिकवू लागल्या (सवय जात नाही). दोन्ही शब्द बहुधा मूळचे एकच. आधी त्याचा अर्थ होता साधं, नेहमीच्या ओघातलं. साध्या कापडाला तसं म्हणता म्हणता खरखरीत हाच अर्थ चिकटला.

“म्हणजे मुळात नेहमीचंच ना?” मी आशेने विचारलं.

बाईंनी शब्दकोश मिटला. “शब्दाचं मूळ सांगितलं हो मी. छातीचं डॉक्टरांना विचारा.”

विचारलं. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासणार आहेत. किरकोळ काम आहे. काळजी नसावी. एवढ्या लांब येण्याची तर मुळीच तसदी घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव लागतं. मी ‘कोणी नाही’ लिहिलं. नर्सने विचारलं, “खरंच कोणी नाही?” मग खोडून तुझं लिहिलं. न विचारता लिहिलं, माफ कर.

आणखी एक. गुरुवारी, सकाळी आठला आहे. ताई, मला फार भीती वाटतेय गं.