तीन इंचांचा उंबरा

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वाचनालयाच्या साइटवर गेल्या गेल्या सगळ्यांची विचारपूस केली. नकुशीचा खोकला उतारावर आहे. पाट्या उचलते, पण खोकताना खाली ठेवते. अनिस फरशीवाल्याची कंबर तशीच. म्हणाला, "आबा, बसलो की उठवत न्हाई आन् उठलो की बसवत न्हाई." अध्यक्ष सोपानरावांचं पित्त खवळलंय — उद्घाटनाची तीस तारीख ठरल्यापासून खवळलेलंच आहे. घरी बायकोचं, सोजराचं डोकं दुखतं. कशानं, विचारलं तर म्हणाली, "तुमच्यानं." माझं बरं आहे.

इंजिनिअर आयेशा मॅडम तेवढ्या नाहीत. शिरूरला घरी तापानं झोपल्यात. फोन केला तर आवाज बसलेला, तरी मलाच विचारलं, "आबा, दारासमोरचा ओटा सपाट झाला का?" ताप एकशे दोन आणि काळजी ओट्याची. आमच्याच जातकुळीची आहे पोरगी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दाराची चौकट उभी केली. नकाशात उंबरा नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौकट आहे, फळ्या आहेत, कडीसुद्धा दाखवलीय — उंबरा नाही. मॅडमकडून राहून गेला असणार. लहान आहे अजून.

एकेचाळीस वर्षं गवंडीकाम करतोय. शाळा तिसरीपर्यंत, पुढचं ओळंब्यानं शिकवलं. बिनउंबऱ्याचं दार मी गोठ्यालासुद्धा ठेवलं नाही. परसात काळ्या पाषाणाची पट्टी आठ वर्षं पडून होती, खुटबावच्या पाहुण्यांनी दिलेली. ती वाचनालयाला भेट द्यायची ठरवली. कुणाला विचारलं नाही. भेट काय विचारून देतात?

खाली हळकुंड, सुपारी, तांब्याचा तुकडा ठेवला. सोजरानं हळदीकुंकू वाहिलं. फरशीपासून वर तीन इंच आला, अगदी सरळ. म्हटलं, आता पाणी आत येणार नाही आणि विंचूही येणार नाही.

नकुशी म्हणाली, "विंचवाला तीन इंच म्हंजी लई झालं व्हय, आबा?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज वाईट झालं.

सुलक्षणा जागा बघायला आली. आमच्याच आळीतली. चौदाव्या वर्षी उसाच्या ट्रेलरवरून पडली, कमरेखालचं अंग गेलं. चाकाच्या खुर्चीवर असते. घरी बसून बी.कॉम. केलं, मग ग्रंथालयाचा कोर्स केला. इथली ग्रंथपालाची नोकरी तिला मिळालीय, तीस तारखेपासून. पहिली नोकरी.

रॅम्प तिनं एकटीनं चढला. अठरा फूट, कुणाचा हात न लागता. ओट्यावर आली, दम घेतला, हसली. दारात पुढची चाकं उंबऱ्याला लागली. मागं घेतली, पुन्हा जोर लावला. पुन्हा लागली. तिसऱ्यांदा नाही केलं.

सोपानराव तिथंच होते. म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं. चार गडी हायत. सकाळी उचलून आत ठेवतील, संध्याकाळी बाहेर."

"शाळेत उचललं. कॉलेजात परीक्षेला उचललं. यवतच्या स्टँडवर तर न विचारताच उचलत्यात. पोतं झालंय माझं, सोपानमामा. हितं न्हाई."

"मग नोकरी?"

"उचलायला लागत असंल तर दुसरं कुणी बघा."

रॅम्पवरून उलटी उतरली, चाकं हातानं धरत. उंबरा कुणी बसवला ते कुणी विचारलं नाही. मी माल कालवत होतो. तो आधीच कालवलेला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवण गेलं नाही. सोजराला सांगितलं, आमटीत मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडम आल्या. तोंड उतरलेलं, गळ्याला मफलर. दाराशी आल्या आणि थांबल्या. टेप काढून उंबरा मोजला. तीन इंच तीनच भरणार.

"हा कुणी बसवला?"

नकुशी आभाळाकडं बघायला लागली. म्हटलं, "नकाशात राहून गेला हुता. मी बसवला."

"राहून गेला नव्हता, आबा. मी मुद्दाम ठेवला नव्हता."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओट्यावर बसली आणि हळू आवाजात बोलली. जोतं दीड फूट, म्हणून रॅम्प अठरा फूट. एक फूट चढायला बारा फूट लागतात, त्यापेक्षा उभा केला तर हातांना झेपत नाही. तेवढी जागा नव्हती म्हणून आपण पुढची भिंत मागं घेतली — तुम्हीच पाडलीत ना, आबा? दार तीन फुटांचं केलं. ओटा पाच फुटांचा, खुर्ची वळावी म्हणून. "आणि एवढं चढून आलेलं माणूस तीन इंचावरून परत गेलं."

भिंत मीच पाडली होती. का पाडतोय ते विचारलं नव्हतं. पाड म्हटलं की पाडायची, हे माझं शिक्षण.

तेवढ्यात सोपानराव आले. "मॅडम, तेवढी पूर्णत्वाची सही करून टाका. तीन इंचासाठी उद्घाटन आडवताय व्हय?"

"मी कुठं अडवतेय? उंबरा अडवतोय."

"मग उतरती फळी टाकू की, दोन्ही अंगानं."

"ती रोज कोण टाकणार? पाहुणे गेले की आठ दिवसांत फळी कुणाच्या तरी चुलीत जाईल. हे निघाल्याशिवाय मी सही करणार नाही."

"आन् हा उद्योग केला कुणी?"

मी तोंड उघडलं, तर मॅडमच म्हणाल्या, "साइट माझी आहे. मी नव्हते, दुसऱ्या कुणाला उभं केलं नाही. चूक माझी."

एकेचाळीस वर्षांत माझी चूक दुसऱ्या कुणी अंगावर घेतली नव्हती. उलटं पुष्कळदा झालंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उंबरा काढला नाही. कंबर धरलीय म्हणून घरी राहिलो. कंबर अनिसची, मी उसनी घेतली.

खरं इथं लिहितो. काम शिकवलं त्या मिस्त्रीनं मला सांगितलेलं — पुजलेला उंबरा बसवणाऱ्यानं उपटला तर त्याच्या घरचं माणूस जातं. माझ्या घरात माणसं दोन. एक मी. दुसऱ्या माणसाचं डोकं आठ दिवस दुखतंय.

संध्याकाळी भाकरी थापता थापता सोजरानं सगळं काढून घेतलं. ऐकून तवा खाली उतरवला.

"म्हंजी मी मरंन म्हणून त्या पोरीनं घरी बसायचं?"

म्हटलं, उंबरा लक्ष्मीचा असतो.

"लक्ष्मी पायांनीच येती, असं सांगितलं कुणी तुमाला?"

मग म्हणाली, "आन् माझी एवढी भीती कवापासनं वाटाया लागली?"

तिनं न मागता तिसरी भाकरी वाढली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमना बाजूला घेऊन भीती सांगितली. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमची दादी पण उंबऱ्यावर बसू द्यायची नाही. पाय दिला तरी ओरडायची." मग दाराकडं वळल्या.

"आबा, उंबरा घालवायचा नाही. खाली घ्यायचा. फरशीच्या बरोबरीनं."

"आन् पाणी?"

"ओट्याला बाहेरच्या बाजूला अगदी थोडा उतार द्या. दारापुढं अरुंद पन्हळ, वर बारीक जाळी. जाळीची भोकं चाक अडकणार नाही एवढीच."

"विंचू?"

"दाराच्या फळीला खालून रबराची पट्टी."

सगळ्याला उत्तर आहे पोरीकडं. मी विचारलं असतं तर बारा तारखेलाही असतंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

छिन्नी मीच धरली. दुसऱ्याला दिली नाही. नकुशीनं तोंड फिरवलं, पण कानोसा घेत होती. दगड सुटला. हळकुंड, सुपारी, तांबं जसंच्या तसं. बाहेर ठेवलं नाही — तिथंच तीन इंच खोल केलं, खाली पुन्हा तेच ठेवलं, वर दगड. लेव्हलचा पाईप चारदा लावला. अनिस कंबर धरून ओणवा झाला आणि दोन्ही बाजूंच्या फरश्या दगडाला भिडवल्या.

मॅडमनी डोळे मिटून दगडावरून तळहात फिरवला. आतून बाहेर, बाहेरून आत.

"सापडला का?" मी विचारलं.

"नाही."

मग सही केली. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी नकाशात काही कमी दिसलं तर फोन करा, आबा. ताप असला तरी."

घरी सोजराचं डोकं थांबलं होतं. आता दाढ दुखतेय. हे उंबऱ्याच्या खात्यात धरायचं नाही असं ठरवलंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुलक्षणाच्या घरी गेलो. अंगणात मेथी निवडत होती. सांगितलं, दार आता सपाट आहे.

"उचलायला कोण येणार हाय?"

"कुणी न्हाई."

"बघू."

एवढंच. नोकरीला येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. निघालो, पाच पावलं गेलो, परत फिरलो. "पोरी, तो उंबरा मी बसवला हुता."

"म्हाईत हाय, आबा. तसला काळा दगड गावात दुसऱ्या कुणाच्या परसात हाय?"

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

"तुम्ही माल कालवत हुता."

मेथीची जुडी दिली बरोबर. घ्यावी का नको, ते कळेना. घेतली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुलक्षणाकडून अजून निरोप नाही. सोपानरावांनी तरी चार गडी सांगून ठेवलेत. मी त्यांना सांगून आलो, उद्या तुमचं काम नाही. एक म्हणाला, जेवण हाय का पण? म्हटलं, आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

धुतलेली टोपी घालून आठलाच गेलो आणि रॅम्पच्या तोंडाशी उभा राहिलो. तिची चाकं त्या दगडावरून जाताना मला बघायची होती. नऊ वाजले, पाहुणे आले. साडेनऊ. सोपानरावांचं भाषण झालं. मॅडम शिरूरहून आल्या, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, त्याही रस्त्याकडंच बघत. ती आली नाही. शेवटी सोपानरावांनी दाराची फीत कापायला कात्री उचलली, तर आतून आवाज आला — "फीत कापा, पण आत येताना चपला बाहेर काढा." साडेसातलाच येऊन बसली होती. आत जाताना तिला कुणीच पाहिलं नाही.